बायको फिलिपिनो, मी नागपूरचा: मुलीला दोन्ही देशांचं नागरिकत्व ठेवता येईल का?

काटोलरोडकर:

नमस्कार मंडळी. विषय थोडा वेगळा आहे, पण इथे बाहेरदेशी राहून आलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

मी दोहाला नोकरीला होतो. बायकोची ओळख तिथेच झाली. ती फिलिपिन्सची, इलोइलो प्रांतातली, शिक्षणानं नर्स. २०२१ मध्ये नागपुरातच स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदणी लग्न केलं आणि इथेच राहिलो. २०२३ मध्ये धंतोलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. मनपाचा जन्मदाखला हातात आहे, पासपोर्ट मात्र अजून कुठलाच काढलेला नाही. बायको एन्ट्री व्हिसावर आहे, मुदतवाढ ऑनलाइन करून घेतो.

आता घरी तीन बाजूंनी तीन सल्ले चालू आहेत. माझे बाबा म्हणतात सुनेला भारतीय करून टाक, म्हणजे दरवर्षीची व्हिसाची कटकट गेली, आणि काटोलची संत्र्याची बागही पुढेमागे दोघांच्या नावावर करता येईल. सासूबाई व्हिडिओ कॉलवर रोज विचारून राहिल्या की नातीचा फिलिपिनो पासपोर्ट कधी काढता. बायकोची बहीण कॅलिफोर्नियात असते, तिच्याकडे अमेरिकेचं आणि फिलिपिन्सचं दोन्ही नागरिकत्व आहे, त्यामुळे त्यांना वाटतं यात काय अवघड आहे. आणि एका एजंटनं तर सांगितलं, दोन्ही पासपोर्ट काढून ठेवा, कोण तपासून राहिलं.

मला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. मुलीला दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतील का? बायकोनं भारतीय नागरिकत्व घ्यावं का? आणि इलोइलोला सासऱ्यांची भातशेती आहे, तिच्यातला बायकोचा वाटा या सगळ्यात जाणार तर नाही ना? ज्यांनी प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

हुडकेश्वर९:

भाऊ, माझ्या ओळखीत अमेरिकेत जन्मलेली पोरं आहेत, दोन्ही पासपोर्ट आहेत, काही होत नाही. अठरा वर्षांची झाली की निवडतात एक. टेन्शन घेऊ नका, काढून टाका.

धरमपेठ_जुना:

काटोलरोडकर भाऊ, वरचा सल्ला कृपया मानू नका. हुडकेश्वरवाले भाऊ मनापासून सांगत असतील, पण त्या एका फिलिपिनो पासपोर्टनं मुलीचं भारतीय नागरिकत्व जाऊ शकतं.

माझी बायको फिलिपिन्सच्या सेबूची आहे. लग्नानंतर आम्ही नागपुरातच राहिलो, मुलगा २००८ मध्ये इथेच जन्मला, आता बारावीला आहे. तुमच्या घरी आज जे बोलणं चालू आहे ते सगळं आमच्या घरी होऊन गेलं आहे, अगदी सासूबाईंच्या व्हिडिओ कॉलसकट. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मेहुणीचं. फिलिपिन्सनं २००३ मध्ये कायदा केला, रिपब्लिक ॲक्ट ९२२५. त्याआधी फिलिपिनो माणूस दुसऱ्या देशाचा नागरिक झाला की त्याचं फिलिपिनो नागरिकत्व जायचं. या कायद्यानं जन्मजात फिलिपिनो माणसाला ते परत घेता येतं किंवा टिकवता येतं. वकिलातीत अर्ज करायचा, निष्ठेची शपथ घ्यायची, झालं. अठरा वर्षांखालची अविवाहित मुलंही त्या अर्जात सोबत येतात. तुमच्या मेहुणीनं बहुतेक हेच केलं असणार. पण तिचं जमलं ते दुसरा देश अमेरिका आहे म्हणून. अमेरिका दुसरं नागरिकत्व चालवून घेते, कॅनडाही घेते. भारत घेत नाही.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ९ मध्येच हे आहे, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की भारतीय नागरिकानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी कुणी नोटीस पाठवायला लागत नाही. आणि नियमांमध्ये असं आहे की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला, की तोच स्वेच्छेनं नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा धरतात. हा नियम सुप्रीम कोर्टात आव्हानला गेला होता, १९६२ मध्ये कोर्टानं तो उचलून धरला. एजंट म्हणतो कोण तपासून राहिलं, तर त्याला विचारा, मुलगी वीस वर्षांची झाल्यावर पासपोर्ट नूतनीकरणाच्या वेळी तपासलं तर तो येणार आहे का उत्तर द्यायला? माहिती दडवून पासपोर्ट घेणं हा पासपोर्ट कायद्यात गुन्हा आहे.

अठराव्या वर्षी निवडायचं, हे लोक ज्यावरून बोलतात ती तरतूद वेगळी आहे. परदेशात जन्मलेलं मूल वंशानं भारतीय झालं असेल आणि त्याच्याकडे दुसरं नागरिकत्वही असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्यानं ते दुसरं सोडायचं, नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं. ती परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी आहे. तुमची मुलगी धंतोलीत जन्मली. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे दोन्ही पालक भारतीय असतील, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर मूल जन्मानं भारतीय. वहिनींचा व्हिसा त्या वेळी वैध होता ना? मग प्रश्नच नाही. मुलगी आजही भारतीय आहे, पासपोर्ट काढा अथवा न काढा. फक्त वहिनींच्या त्या काळातल्या व्हिसाच्या आणि नोंदणीच्या प्रती जपून ठेवा, पुढे कधी ना कधी कुणीतरी मागतंच.

आता फिलिपिन्सच्या बाजूनं. त्यांच्या १९८७ च्या राज्यघटनेप्रमाणे आई किंवा वडील फिलिपिनो असले की मूल फिलिपिनो, जन्म कुठेही होवो. म्हणजे त्यांच्या नजरेत तुमची मुलगी जन्मापासून त्यांची आहेच. तिला ९२२५ खाली शपथ घ्यायची गरज नाही. ती शपथ नागरिकत्व गमावलेल्यांसाठी आहे, आणि हिनं काही गमावलेलंच नाही. तिच्या जन्माची नोंद दिल्लीतल्या फिलिपिन्सच्या वकिलातीत करता येते, रिपोर्ट ऑफ बर्थ म्हणतात. ती कागदपत्रं पुढे मनिलाच्या सांख्यिकी प्राधिकरणाकडे जातात आणि तिथे तिचा जन्म नोंदला जातो. वर्षाच्या आत केलेलं बरं असतं. तुमचा उशीर झाला आहे, त्यामुळे उशिराच्या नोंदीचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागेल.

आम्ही मुलाची ही नोंद केली आणि तिथेच थांबलो. फिलिपिनो पासपोर्टचा अर्ज भरला नाही. सासूबाई नाराज झाल्या, बायकोच्याही डोळ्यात पाणी आलं, ते मी विसरलेलो नाही. तिला वाटत होतं आपलं मूल आपल्या देशाचं राहत नाहीये. तिच्या आईला फोनवर समजावून सांगितलं की नोंद झाली आहे, तुमच्या कायद्यानं तो तुमचाच आहे, फक्त पासपोर्टचा हिशोब इथे वेगळा आहे. हे घरात नीट बोलून घ्या भाऊ, कारण कायद्याचं कलम सांगून आईचं मन भरत नाही.

आणि नोंद करताना एक गोष्ट फार बारकाईनं बघा, ती म्हणजे नाव. आपल्या जन्मदाखल्यावर मुलीचं नाव, मधे वडिलांचं नाव, मग आडनाव. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. वहिनींचं माहेरचं आडनाव समजा सांतोस असेल, तर त्यांच्या कागदावर मुलीचं मधलं नाव सांतोस येणार आणि आपल्या कागदावर तुमचं नाव. आमच्याकडे मनपाच्या दाखल्यात आईचं नाव लग्नानंतरचं, माझ्या नावासकट लिहिलेलं होतं, आणि तिच्या पासपोर्टवर माहेरचं. वकिलातीत बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेका अक्षरावर बोट फिरवलं. आधी मनपातून दाखल्यात आईचं नाव पासपोर्टबरहुकूम दुरुस्त करून घ्यावं लागलं, मगच गाडी पुढे सरकली. तुमचा दाखला आजच काढून बघा. मनपाच्या दाखल्यावर अपोस्टिलही लागेल, म्हणजे परदेशात कागद मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का; राज्य शासनाचं साक्षांकन आधी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. फिलिपिन्स २०१९ पासून अपोस्टिल मानतं, त्यामुळे पूर्वीसारखी दुहेरी धावपळ राहिली नाही.

वहिनींबद्दल वेगळ्या उत्तरात लिहितो, हे फार लांबलं.

काटोलरोडकर:

दादा, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. दाखला आत्ताच काढून पाहिला, आईच्या नावापुढे माझंच नाव आहे. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं. म्हणजे आधी मनपा.

एक शंका. मुलीला फक्त भारतीय पासपोर्ट असेल तर आजीकडे जाताना दर वेळी व्हिसा?

धरमपेठ_जुना:

छोट्या मुक्कामाला नाही. २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. जास्त राहायचं असेल तर व्हिसा काढा. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत आमचा मुलगा व्हिसा घेऊनच जायचा, काही बिघडलं नाही.

आता वहिनी. माझं स्पष्ट मत आहे, आणि आमच्या घरी आम्ही तेच केलं: वहिनींना भारतीय नागरिक करण्याची घाई करू नका. ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड, घ्या.

कायद्यानं भारतीयाशी लग्न केलेल्या व्यक्तीला भारतात सात वर्षं वास्तव्य झाल्यावर नागरिकत्वासाठी नोंदणी करता येते. तुमची सात वर्षं अजून व्हायचीच आहेत. पण ती झाली तरी नागरिकत्व घेताना फिलिपिनो नागरिकत्व सोडावं लागतं. मग कुणीतरी सांगेल, काय हरकत आहे, ९२२५ खाली शपथ घेऊन परत घेऊ. फिलिपिन्स देईल. पण त्या क्षणी वहिनींनी स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असा अर्थ होतो आणि आपलं कलम ९ लागू होतं, म्हणजे नुकतंच मिळालेलं भारतीय नागरिकत्व गेलं. मेहुणीचा रस्ता इथे चालत नाही, कारण दोन्ही देशांनी हो म्हणायला हवं आणि आपला देश म्हणत नाही.

ओसीआयचं नाव ओव्हरसीज सिटिझन असलं तरी ते नागरिकत्व नाही, हे बाबांना आधी सांगा, नाहीतर ते मतदार यादीत सुनेचं नाव शोधत बसतील. मतदान नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण आयुष्यभराचा व्हिसा मिळतो, कितीही वेळा ये-जा करता येते, दरवर्षी मुदतवाढ नाही, आणि पोलिसांकडे परदेशी म्हणून नोंदणी करावी लागत नाही. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला लग्न नोंदलेलं असून सलग दोन वर्षं टिकलेलं असलं की अर्ज करता येतो. तुमची दोन वर्षं होऊन गेली. जोडीदाराच्या बाबतीत आधी सुरक्षा पडताळणी होते, त्यामुळे वेळ लागतो, धीर धरा. भारतातून अर्ज केला तर शुल्क पंधरा हजार रुपये. आणि लग्न मोडलं तर हे कार्ड रद्द होऊ शकतं, हेही वहिनींना माहीत असायला हवं. त्यांच्या हक्काची गोष्ट आहे, लपवू नका.

आणखी एक. वहिनी नर्स आहेत म्हणालात. एन्ट्री व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. ओसीआय असलं की नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट अशा व्यवसायांत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीनं काम करता येतं, इथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र लागते. धंतोली-रामदासपेठेत एवढी हॉस्पिटलं आहेत, शिकलेली बाई घरात बसून राहू नये. बाबांशी बोलताना शेतीच्या आधी हा मुद्दा काढा.

आणि मुलीचं भारतीय नागरिकत्व सांभाळा असं मी एवढ्या जिवानं का सांगतो, त्याचं कारण आमच्याच गल्लीत आहे. शेजारची मुलगी अमेरिकेत जन्मलेली, लहानपणापासून नागपुरात वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली. तिच्या आईवडिलांनी ओसीआय कार्ड उशिरा काढलं, २०२१ नंतर. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं ओसीआय विद्यार्थ्यांना नीटमधून फक्त एनआरआय जागांवर किंवा अतिरिक्त (सुपरन्यूमररी) जागांवर प्रवेश ठेवला. ज्यांच्याकडे त्या तारखेआधीचं कार्ड होतं त्यांना सुप्रीम कोर्टानं ३ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात जुने हक्क दिले. हिचं कार्ड नंतरचं. मार्क चांगले असूनही राज्य कोट्यातून नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी कॉलेजांना अर्ज करता आला नाही. माझा मुलगा यंदा त्याच परीक्षेला बसतो आहे, भारतीय म्हणून. त्याच्यापुढे ही भिंत नाही. तुमची लेक आत्ता बालवाडीत आहे, पण एखाद्या एजंटच्या शब्दावर आज घेतलेला पासपोर्ट पंधरा वर्षांनी तिच्या फॉर्मवर उभा राहतो.

मकातीची_नागपूरकर:

धरमपेठवाल्या काकांनी सगळं बरोबर सांगितलंय. मी उलट्या बाजूची, लक्ष्मीनगरची मुलगी, नवरा फिलिपिनो, राहते मेट्रो मनिलात. जमिनीचा प्रश्न इथे रोज कानावर पडतो म्हणून त्यावर लिहिते.

फिलिपिन्समध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेताच येत नाही, राज्यघटनेतच मनाई आहे. अपवाद फक्त कायदेशीर वारसाहक्काचा. माझ्या नावावर एक फूटही नाही. कॉन्डोमध्ये फ्लॅट घेता येतो, पण तिथेही परदेशी लोकांचा वाटा ४० टक्क्यांच्या आत राहायला हवा. तुमच्या बायकोनं फिलिपिनो नागरिकत्व ठेवलं तर भातशेतीला काहीच धक्का नाही, विकत घेवो, वाटणीत येवो, वडील देवोत. तिनं ते सोडलं तर ती माजी नागरिक ठरेल, आणि माजी जन्मजात नागरिकाला घरासाठी जमीन घ्यायला मर्यादा आहे, शहरात हजार चौरस मीटर किंवा गावात एक हेक्टर. म्हणजे वारसाहक्कानं येणारं सोडलं, तर आज जी जमीन ती बिनबोभाट घेऊ शकते ती उद्या मोजून मापून मिळणार.

मला इथे लोक विचारतात तू फिलिपिनो का होत नाहीस. इथे परदेशी माणसाला कोर्टातून नागरिकत्व मिळतं, १९३९ चा कायदा आहे, साधारण दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, काही बाबतींत पाच. पण त्यात आधीच्या देशाची निष्ठा सोडायची शपथ आहे, आणि शपथ नसती तरी आपल्या कायद्यानं माझा भारतीय पासपोर्ट गेलाच असता. आईबाबा लक्ष्मीनगरला एकटे आहेत. मी लग्नावर मिळणाऱ्या रहिवासी व्हिसावर आहे. दर वर्षाच्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत इमिग्रेशन ब्युरोत हजेरी लावायची, बस. एवढ्यावर माझं छान चाललं आहे.

काटोलरोडकर:

ताई, दादा, खूप आभार. बायकोला मकातीवाल्या ताईंचं उत्तर वाचून दाखवलं, भातशेतीचं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांची ती जमीन तिच्या आजोबांपासूनची आहे, आणि तिला त्यातलं काही सोडायला लागेल ही भीती ती कधी बोलून दाखवत नव्हती.

बाबांचा एकच प्रश्न राहिला. काटोलच्या बागेचं काय? सून ओसीआय राहिली तर तिला काहीच मिळणार नाही का?

धरमपेठ_जुना:

विकत घेता येणार नाही, आणि बाबांनी जिवंतपणी बक्षीसपत्र करून दिली तरी चालणार नाही, शेतजमीन ओसीआयला बक्षीस म्हणून घेता येत नाही. पण वारसानं येऊ शकते. भारतात राहणाऱ्या माणसाकडून ओसीआयधारकाला शेतजमीन वारसाहक्कानं मिळाली तर परकीय चलन कायद्याला ते चालतं. शिवाय तुमची मुलगी भारतीय आहे, बाग तुमच्या नावावर आणि पुढे तिच्या नावावर यायला काहीच अडचण नाही. बाबांना बहुधा बाग घरातच राहावी एवढंच हवं असेल. मृत्युपत्र करायचं असेल तर काटोलमधल्या कुणा ओळखीच्या वकिलाकडून ओसीआयचा मुद्दा सांगूनच करून घ्या, नुसतं सातबारा आणि आधार दाखवून नको.

क्रम असा ठेवा: मनपात आईच्या नावाची दुरुस्ती, मग अपोस्टिल, मुलीचा भारतीय पासपोर्ट, वकिलातीत जन्माची नोंद, आणि वहिनींचा ओसीआयचा अर्ज हे सगळं चालू असतानाच सोबत टाकून द्या, कारण सर्वात जास्त वेळ त्यालाच लागतो. दुरुस्तीच्या अर्जासोबत वहिनींच्या पासपोर्टची प्रत आणि तुमचा विवाह नोंदणी दाखला जोडा. काही अडलं तर इथेच लिहा, मी बघत असतो.